उंच ओट्यावरची झाडलोट

(नभोवाणीवरील भाषण)

दिवाळी आठ दिवसांवर आली कीं शहरांतील घराघरांतून माळ्यावरचीं जळमटें काढण्यास आरंभ होतो. घरांतील एखादी बाई पदर खोंचून स्टुलावर चढते, डाव्या हातानें फडताळाची कड धरते आणि उजव्या हातांतील झाडू छताकडे नेते. डोळे वर, तोंड धुळीसाठीं बाजूला वळविलेलें, आणि एक पाय नकळत स्टुलाच्या कडेवर. इतक्यांत खालून कोणीतरी ओरडतें, "अहो, जपून!" आणि ती दचकून खालीं पाहते. कित्येक घरांतली दिवाळी लंगडत जाते ती या एका क्षणामुळें. उंचावर चढून खिळा ठोकणारा किंवा डबा काढणारा मनुष्य आपण उंचावर आहोंत हें सहसा विसरत नाहीं. झाडणारा मात्र विसरतो. त्याचें लक्ष कचऱ्याकडे असतें. कचरा जिकडे सरकतो तिकडे त्याचे पाय जातात, आणि कचरा नेहमीं कडेकडेच लोटला जातो.

स्टूल दोन हात उंच असतें, आणि त्यावर उभें राहण्याचा प्रसंग वर्षांतून एकदां येतो. पण हंगामभर रोज, चालत्या यंत्रांच्या रांगेत, पुरुषभर उंचीच्या ओट्यावर हेंच काम करणारीं माणसें आहेत. ज्या गाद्यांवर व उशांवर शहरांतील घरें निजतात त्यांतील रुई अशा माणसांच्या हाताखालून आलेली असते. तीं कशीं काम करतात हें पाहावयाचें तर अकोटला जावें.

अकोला शहराच्या उत्तरेस सुमारें ४५ किलोमीटरांवर, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेला हा तालुक्याचा गांव. नरनाळ्याचा किल्ला येथून जवळच. येथल्या सतरंज्या एके काळीं नांवाजलेल्या होत्या. तथापि गांवाचें नांव झालें तें कापसामुळें. १८५३ सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. पुढें १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस विलायतेंतील गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकीं भाव आला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. मग घरोघरच्या हातचरखीवर सरकी काढून भागेना. एंजिनावर चालणारे रेचे आले, त्यांच्यासाठीं पत्र्याच्या छपरांच्या लांबच लांब इमारती उठल्या, आणि 'जिन' हा इंग्रजी शब्द वऱ्हाडी शेतकऱ्याच्या तोंडीं घरच्यासारखा बसला.

जिनमधला ओटा उंच कां, हें समजल्यावांचून पुढील गोष्ट समजणार नाहीं. अमेरिकेंतील फोन्स मॅकार्थी यानें १८४० सालीं ज्या प्रकारच्या रेच्याचें पेटंट घेतलें, त्याच घराण्यांतील रेचे आपल्याकडे रूढ झाले. त्यांत चामड्याचा खडबडीत रूळ फिरत असतो. रुळाला एक पातें टेकलेलें असतें आणि दुसरें वरखालीं आपटत असतें. कापसाचा तंतू रुळाला चिकटून पुढें ओढला जातो, सरकी पात्यापाशीं अडते, सुटते आणि जाळींतून खालीं पडते. ही सरकी आपल्या वजनानेंच खालीं पडावी म्हणून रेचे उंचावर मांडले गेले. बहुतेक जुन्या कारखान्यांत एंजिनाची शक्ति वांटणारा लांबलचक लोखंडी दांडा, म्हणजे लाइनशाफ्ट, हाही या ओट्याखालूनच गेलेला असे. दांड्यावरून पट्टे निघत आणि वरच्या एकेका रेच्यास फिरवीत. याप्रमाणें वर माणसें व रेचे, आणि खालीं एका अरुंद अंधाऱ्या गल्लींत फिरता दांडा व सरकीचा ढीग, अशी ही दुमजली व्यवस्था होती.

आतां या ओट्यावर काय काय सांचतें तें पाहावें. बंडींतून आलेला कापूस एकटा येत नाहीं. त्याच्याबरोबर बोंडाचीं टरफलें, वाळलेला पाला, काड्या व शेतांतील माती येते. रेच्याच्या आपटण्यानें हें सारें मोकळें होतें. तुटक्या तंतूंची लव हवेंत उडते आणि तुळयांवर, यंत्रांवर, पायऱ्यांवर बारीक बर्फासारखी बसते. कांहीं सरकी जाळी चुकवून ओट्यावरच उडते. धारव्यांतून तेलाचे थेंब गळतात. यांतला प्रत्येक पदार्थ वेगळ्या रीतीनें घातक आहे. सरकी पायाखालीं आली कीं ती सांडलेल्या हरभऱ्यासारखी गरगरते; ती चिरडली तर तिचें तेल फरशीला लागतें. तेलांत भिजलेली लव एखाद्या तापलेल्या धारव्यापाशीं सांचली, किंवा कापसाबरोबर एखादा खडा वा लोखंडाचा तुकडा रेच्यांत जाऊन ठिणगी पडली, तर आग पाहतां पाहतां साऱ्या ओट्यावरून धांवते. मात्र सर्वांत फसवी ती रुई. ती ओट्याच्या कडेवर जमते आणि कडेच्या बाहेरही थोडी झुलते. मग ओटा कोठें संपतो हेंच दिसेनासें होतें. गवतानें झांकलेल्या पडक्या विहिरीची जी गोष्ट, तीच या कडेची.

तेव्हां ओटा झाडलाच पाहिजे, हें कोणासही पटेल. खरी अडचण यापुढें सुरू होते. झाडलेलें टाकावयाचें कोठें? ओट्याच्या कडेवरून खालीं लोटलें कीं काम संपलें, असें झाडणारीला वाटतें, मुकादमालाही वाटतें. वर क्षणांत लख्ख होतें. पण खालीं दांड्याची गल्ली आहे. तेथें आधींच सरकीचा ढीग, त्यांत हा केर. ढीग वाढत वाढत दांड्याला भिडूं लागतो, पट्टे अडखळतात, आणि मग कोणाला तरी टोपलें व फावडें घेऊन त्या गल्लींत शिरावें लागतें. वरची स्वच्छता अशा रीतीनें खालच्या माणसाच्या जिवावर बेतते. ओटा व गल्ली यांचा हिशेब एकाच वहींत मांडावयास हवा होता. तो दोन वह्यांत मांडला गेला.

फिरता दांडा हा मोठा मायावी पदार्थ आहे. तो गुळगुळीत असतो व जागच्या जागीं फिरतो, म्हणून दुरून स्थिर असल्यासारखाच दिसतो. दांते नाहींत, पातें नाहीं. पाहणाऱ्याला भीति वाटण्याजोगें त्यांत कांहींच नसतें. परंतु लुगड्याच्या पदराचें टोंक, सुटलेली वेणी किंवा सदऱ्याची बाही त्याला एकदां लपेटली कीं सोडवून घेण्यास अवकाश मिळत नाहीं. कायद्यानें हें ओळखलें होतें. कापसाच्या जिनांविषयीं जे नियम झाले त्यांत असें आहे कीं, जमिनीच्या पातळीखालील दांडा सलग भिंतीनें किंवा चढतां न येणाऱ्या कुंपणानें पूर्णपणें बंद करावा. सरकी काढणें, सफाई करणें व तेल घालणें एवढ्यापुरतींच दारें ठेवावीं. आणि त्या दारांना कुलूप असावें. नियम उत्तम आहे. पण कुलुपाला किल्ली असते, आणि हंगामांत ती किल्ली खुंटीवरून खालीं येण्यास फार कारण लागत नाहीं.

येथें मजुरांच्या निष्काळजीपणाची तक्रार करण्याची पद्धत आहे. "सांगून ऐकत नाहींत," हें वाक्य प्रत्येक अपघातानंतर ऐकूं येतें. परंतु एक साधा हिशेब करून पाहावा. एक एंजिन, एक दांडा, आणि त्यावर पट्ट्यांनीं जोडलेले रेच्यांचे दोन लांब ओळी. गल्लींतला ढीग काढण्यासाठीं दांडा थांबवावा तर दोन्ही ओळी थांबतात. आवारांत कापसाच्या गंज्या उभ्या, बाहेर बंड्यांची रांग, अवकाळी पावसाची धास्ती, आणि भाव आज आहे तो उद्यां राहील याचा भरंवसा नाहीं. अशा वेळीं पाव तास सारे रेचे थांबविणें म्हणजे काय, हें मालकाला कळतें, मुकादमाला कळतें आणि हातांत झाडू असलेल्या बाईलाही पुरतें कळतें. "यंत्र बंद करा" असें म्हणण्याची तिची पायरी नसते. साऱ्या कारखान्यांत तिची मजुरी बहुधा सर्वांत कमी, आणि तिनें आपला शब्द टाकावयाचा तो सर्वांत महागड्या गोष्टीसाठीं! ती म्हणून चालू यंत्राशेजारीं वांकते. यांत तिचाच दोष काढणें म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें होय.

कायद्याची वाटचालही या बाबतींत मोठी बोधक आहे. हिंदुस्थानांतील पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ सालचा. वर्षांतून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यांतून वगळले होते, त्यामुळें हंगामी जिनांना त्याच्या बाहेर राहण्यास वाट मिळाली. ती वाट १९११ च्या कायद्यानें बंद केली. १९३४ च्या कायद्यानें हंगामी व बारमाही असा भेद करून बारमाही कारखान्यांना दिवसाचे १० तास व हंगामी कारखान्यांना ११ तास घातले. म्हणजे जेथें धूळ अधिक व उंची अधिक तेथेंच दिवस लांब! हा भेद १९४८ च्या कायद्यानें काढून टाकला. त्याच कायद्यानें रोजचा केर रोज काढावा, आठवड्यांतून एकदां तरी कामाची फरशी धुवून किंवा दुसऱ्या परिणामकारक उपायानें साफ करावी, आणि शक्ति वाहून नेणारीं चालू यंत्रें साफ करण्याचें किंवा त्यांना तेल घालण्याचें काम स्त्रियांना व अल्पवयी मुलांना देऊं नये, असें ठरविलें.

येथवर ठीक. पण त्या कायद्याची मांडणी पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. केर काढण्याचें कलम आरोग्याच्या प्रकरणांत होतें. फरशी, पायऱ्या, जिने व कठडे यांचें कलम सुरक्षिततेच्या प्रकरणांत. जणूं केरानें माणूस आजारी पडतो, कोसळत मात्र नाहीं! कापसाच्या धुळीनें छाती धरते व दम लागतो हें खरेंच आहे. पण तोच केर पायाखालीं आला म्हणजे काय होतें, हें कलमांत यावयास १९७६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षींच्या दुरुस्तीनें जिने व वाटा अडथळ्यांपासून आणि पाय घसरविणाऱ्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवाव्या असें सुरक्षिततेच्याच कलमांत लिहिलें गेलें. आणि त्याच कलमांत, जेथून माणूस पडण्याचा संभव आहे अशा उंचीवर काम करणाऱ्यासाठीं कुंपण घालून किंवा अन्य रीतीनें सोय करावी, हेंही आलें. केरसुणी आणि कठडा एका कलमांत येण्यास २८ वर्षें लागलीं. पुढें २०२० सालीं संसदेनें हा व इतर कायदे मिळून एक संहिता संमत केली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आपल्याकडे नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतात, तशी पूजा व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवरही होते. अकोटच्या शेजारच्या अंजनगांव सुर्जी तालुक्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं हातांत खराटा घेऊन गांवेंच्या गांवें झाडलीं. या प्रांताला झाडूची थोरवी कोणी बाहेरून येऊन शिकवावी असें नाहीं. अडचण एवढीच कीं, झाडूला मान मिळाला, झाडण्याला वेळ मिळाला नाहीं.

उंच जागा झाडण्याची कांहीं रीत असते, आणि ती कोणत्याही जाणत्या मिस्त्रीला ठाऊक असते. पहिली गोष्ट, यंत्र थांबलेलें हवें, आणि ज्यानें थांबविलें त्याच्याशिवाय दुसऱ्यानें तें सुरू करूं नये. दुसरी, वरून खालीं यावें. आधीं तुळया, मग यंत्र, मग ओटा, शेवटीं पायऱ्या. ओटा झाडतांना आरंभ कडेपासून करावा. कडेकडे तोंड करून केर आपल्याकडे ओढीत आंत यावें. कडेकडे पाठ करून मागें सरकत जाणें हा तर मरणाचाच रस्ता. ओल्या फडक्याचा मोह कापसाच्या कामांत धरतां येत नाहीं, कारण ओलीनें रुई बिघडते. पुष्कळ ठिकाणीं दाबाच्या वाऱ्याची नळी सोडून धूळ उडवितात. दोन मिनिटांत यंत्र चकचकीत दिसतें, परंतु तीच धूळ हवेंत पसरून डोळ्यांत, छातींत व तापलेल्या धारव्यांवर जाऊन बसते. त्यापेक्षां ओढून घेणारें यंत्र बरें. तें नसेल तर मऊ झाडू व सुपली.

कठड्याविषयीं कोणी फारसा वाद घालीत नाहीं; तो कमरेच्या वर असावा व त्याला मधली आडवी पट्टी असावी. वाद होतो तो कडेला खालीं ठोकलेल्या वीतभर उंचीच्या फळीविषयीं. ती असली म्हणजे केर खालीं लोटतां येत नाहीं. तो सुपलींत भरून, उचलून, पायऱ्यांनीं खालीं न्यावा लागतो. झाडणाऱ्यांना ती नकोशी वाटते, मुकादमाला वेळखाऊ वाटते, आणि कोणी पाहत नसतां ती एखाद्या ठिकाणीं उखडलेलीही आढळते. पण ती लोटूं देत नाहीं हाच तिचा मोठा गुण आहे. एका फळीनें पाय कडेवरून सरकत नाहीं, पाना किंवा सरकी खालच्याच्या डोक्यावर पडत नाहीं, आणि खालची गल्ली भरत नाहीं. इतक्या थोड्या लांकडांत इतकें काम क्वचितच होत असेल.

हंगामापूर्वीं छपरावरचा पाला काढावयास माणूस चढवितात, त्याचीही काळजी याच जातीची. जुना पत्रा गंजलेला असतो. सिमेंटचा पत्रा वरून दगडासारखा दिसला तरी माणसाच्या भारानें पापडासारखा मोडतो. त्यावर पाय न देतां, आधारांवर आडव्या फळ्या किंवा शिडी टाकून तिच्यावरूनच जावें लागतें. फळ्या आणण्यास अर्धा तास लागतो आणि काम असतें पाव तासाचें. म्हणून त्या आणल्या जात नाहींत.

गेल्या कांहीं दशकांत जिन बदलले. केंद्र सरकारनें २००० सालीं कापसासाठीं तंत्रज्ञान अभियान सुरू केलें व त्यांत जिनांच्या सुधारणेसाठीं साहाय्य दिलें. दोन रुळांचे रेचे रूढ झाले. जेथें प्रत्येक रेच्याला स्वतःची विजेची मोटर आली तेथें एक थांबविण्यासाठीं ओळ थांबविण्याचें कारण उरलें नाहीं. जुन्या दांड्याच्या गुलामगिरींतून माणूस सुटला म्हणावयाचा. कापूस डोक्यावरच्या टोपल्यांऐवजीं वाऱ्याच्या नळींतून वर जाऊं लागला. यानें ओट्यावरचीं माणसें कमी झालीं हें खरें. पण उंची कमी झाली नाहीं, उलट वाढली. नळ्या, पट्टे व गाळण्या छपराजवळून जातात. त्या तुंबल्या कीं अरुंद लोखंडी वाटांवरून एकाच माणसाला तेथवर जावें लागतें. पूर्वीं ओट्यावर पाय घसरला तर शेजारणीची किंकाळी तरी उठे. आतां वर एकटाच गेलेला माणूस परत आला नाहीं, हें खालच्यांच्या लक्षांत येण्यास वेळ लागतो. म्हणून अशा जागीं एकट्यानें चढूं नये आणि खालीं उभा राहणाऱ्यानें दुसरें काम अंगावर घेऊं नये, हा नियम नव्या जिनांत कठड्याइतकाच मोलाचा ठरतो.

शहरांतील घरांना हें सारें दूरचें वाटूं नये. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीच्या कांचा बाहेरून पुसण्यासाठीं घरकाम करणाऱ्या बाईला चौकटीवर उभी करणारीं सुशिक्षित घरें कांहीं थोडीं नाहींत. तेथें मुकादम नसतो, तपासनीस येत नाहीं आणि कठडाही नसतो. "जरा सांभाळून हं" एवढाच तेथला नियम. ती बाईही, जिनमधल्या बाईप्रमाणेंच, नाहीं म्हणत नाहीं. कांचा लांब दांड्याच्या पुसणीनें आंतून हात काढून पुसतां येतात. जितक्या पोंचतील तितक्याच पुसाव्या आणि उरलेल्या डागाकडे पाहुण्यांनीं पाहूं नये.

अकोटला चैत्रांत आवारांतल्या गंज्या संपत येतात व भोंगा लवकर वाजूं लागतो. त्या दिवसांत ओटे मनासारखे झाडले जातात, कारण घाई नसते. कार्तिकांत व मार्गशीर्षांत, बंड्या व ट्रक फाटकाबाहेर उभे असतांना, कोणता जिन कसा आहे हें कळतें. तेव्हां तेथें जाणाऱ्यानें हजेरीपुस्तक मागावें आणि यंत्र थांबवून झाडण्याच्या वेळेचा पगार त्यांत कोणत्या रकान्यांत मांडला आहे, तें पाहावें. कठडा त्यानंतर पाहिला तरी चालेल.